पेन्शन, सातबारा आणि दोन पिढ्यांचा हिशेब

कमावत्या वयातली माणसे एकाच वेळी दोन पिढ्या सांभाळत असतात. मुलांची फी आणि म्हाताऱ्यांचे औषधपाणी दोन्ही त्यांच्याच कमाईतून निघते. आज ज्यांनी सांभाळले त्यांना उद्या कुणीतरी सांभाळावे, असा या व्यवहारामागचा न लिहिलेला करार असतो. तो पाळला जातो का, एका पिढीने जे दिले ते तिच्या उतारवयात तिला परत मिळते का, आणि ते देताना पुढच्या पिढीचे कंबरडे मोडत नाही ना, हे तपासणे म्हणजे पिढ्यांमधला आर्थिक न्याय तपासणे. हा करार दोन वाटांनी चालतो. एक घरातली, म्हणजे जमीन, घर आणि मुलासुनांचा आधार. दुसरी सरकारातली, म्हणजे कर, भविष्य निर्वाह निधी, पेन्शन आणि अनुदान. बुलढाणा जिल्ह्यात या दोन्ही वाटा एकाच वेळी अरुंद होत चालल्या आहेत.

बुलढाणा हा वऱ्हाडातला तेरा तालुक्यांचा जिल्हा. अजिंठ्याच्या डोंगररांगेमुळे त्याचे घाटावरचा आणि घाटाखालचा असे दोन भाग पडतात. चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा हे तालुके वर, तर खामगाव, शेगाव, नांदुरा, मलकापूर, जळगाव जामोद, संग्रामपूर खाली. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या २५ लाख ८६ हजार, आणि दर पाच माणसांतली जवळजवळ चार खेड्यात राहणारी. सोयाबीन, कापूस आणि तूर ही मुख्य पिके, बहुतेक वावर पावसाच्या भरवशावर. खामगावचा कापूस बाजार जुना आणि नावाजलेला, पण कारखानदारी थोडीच. दुसरबीडचा जिजामाता सहकारी साखर कारखाना बंद पडूनही बरीच वर्षे झाली. त्यामुळे इथे पगाराची नोकरी म्हणजे प्रामुख्याने जिल्हा परिषदेची शाळा, एसटीचे आगार, पोलीस, सैन्य किंवा एखादी सहकारी संस्था. बाकीचे शेतीत, नाहीतर पुण्या-संभाजीनगरच्या वाटेवर.

आधी घरातली वाट. महाराष्ट्रात १९७०-७१ च्या कृषी गणनेत एका खातेदाराकडे सरासरी ४.२८ हेक्टर जमीन होती. २०१५-१६ मध्ये ती १.३४ हेक्टर झाली. म्हणजे आजोबाकडे साडेदहा एकर असतील तर नातवाच्या वाट्याला सव्वातीन एकर. सव्वातीन एकरांत एकरी सात क्विंटल सोयाबीन पिकले आणि ते २०२४-२५ च्या ४,८९२ रुपये हमीभावाने विकले गेले, तर एक लाख अकरा हजारांच्या आसपास रक्कम हाती येते. त्यातून बियाणे, खत, फवारणी, सोंगणी, मळणी वजा करायची. त्या हंगामात बाजारात हमीभावही अनेकदा मिळाला नाही. जी जमीन आजोबाच्या काळात तीन पिढ्यांना पुरत होती, तिच्यावर आता एक पिढीही नीट उभी राहत नाही. यात म्हाताऱ्यांचा दोष नाही आणि तरुणांचाही नाही. शेतीबाहेर काम निर्माण झाले नाही म्हणून सगळे वारस त्याच तुकड्यावर राहिले.

जमीन किती, याइतकाच ती कुणाच्या नावावर, हाही प्रश्न आहे. सातबारा बहुधा बापाच्या नावावर असतो आणि तो हयात असेतोवर तसाच राहतो. वावरात राबणारा मुलगा तिशी-चाळिशीचा असला तरी कागदोपत्री शेतकरी नसतो. पीककर्ज सातबारा पाहून मिळते. अतिवृष्टीची मदत खातेदाराच्या खात्यात जमा होते. पीएम-किसानचे वर्षाला ६,००० रुपये आणि २०२३ पासून राज्याच्या नमो शेतकरी योजनेचे आणखी ६,००० रुपये जमीनधारकाला मिळतात. पीएम-किसानसाठी १ फेब्रुवारी २०१९ ही तारीख ठरवली गेली. त्या दिवशी नावावर जमीन असेल तो पात्र, वारसाहक्काने आलेली जमीन तेवढी अपवाद. कष्ट एका पिढीचे आणि नोंद दुसरीची, अशी ही रचना आहे. घरात सगळे एकोप्याने राहत असतील तर ती निभावते. बिनसले की सून आणि मुलगा एका बाजूला, खातेदार सासरा दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये बँकेचे पासबुक.

म्हातारी माणसे नाव कमी करायला तयार नसतात, आणि त्याला कारण आहे. सातबारा हातातून गेला की घरात विचारणार कोण, ही भीती खरी आहे. गावोगाव तिचे दाखले सापडतात. कायद्याने या पेचातून एक वाट काढली आहे, पण ती फारशी माहीत नाही. आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांचा निर्वाह व कल्याण कायदा २००७ मध्ये झाला आणि महाराष्ट्रात २००९ पासून लागू झाला. त्याखाली उपविभागीय अधिकाऱ्यासमोर अर्ज करून मुलांकडून महिन्याला दहा हजार रुपयांपर्यंत निर्वाहखर्च मागता येतो. याच कायद्याचे कलम २३ जास्त मोलाचे आहे. सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता मुलांना दिली आणि त्यांनी सांभाळ केला नाही, तर ते हस्तांतरण रद्द ठरवता येते. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही या कलमाचा अर्थ ज्येष्ठांच्या बाजूने लावला. म्हणून बक्षीसपत्र करताना सांभाळाची अट त्यात स्पष्ट लिहून घेणे महत्त्वाचे. दुसरीकडे, जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ प्रमाणे सहमतीची वाटणी तहसीलदाराकडे करून घेता येते, आणि शेतजमिनीच्या वाटणीपत्रावरचे नोंदणी शुल्क माफ करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने मे २०२५ मध्ये घेतला. दोन्ही तरतुदी एकत्र वापरल्या तर तरुणाला कर्ज काढायला कागद मिळतो आणि म्हाताऱ्याला भाकरीची खात्री मिळते. गावातल्या तलाठ्याने आणि सरपंचाने हे घरोघर समजावून सांगितले तर अर्धे तंटे मिटतील.

मुलगा म्हणजे म्हातारपणाची काठी, या समजुतीने तर पुढच्या पिढीचे उघड नुकसान केले. बुलढाणा जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलग्यांमागे २००१ मध्ये ९०८ मुली होत्या, त्या २०११ मध्ये ८५५ वर आल्या. म्हातारपणी आधार हवा म्हणून मागच्या पिढीने मुलगे राखले आणि मुली जन्मू दिल्या नाहीत. त्या दशकात जन्मलेले मुलगे आता लग्नाच्या वयाला येत आहेत, आणि अल्पभूधारक शेतकऱ्याच्या मुलाला मुलगी मिळत नाही हे वऱ्हाडातल्या प्रत्येक गावात ऐकू येते. काठी म्हणून वाढवलेला मुलगा स्वतः एकटा पडतो, आणि त्याच्या म्हातारपणी तर कुणीच नसेल. ज्या मुली जन्मल्या त्यांना महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाच्या बरोबरीचा हक्क दिला. तरी भावाच्या नावे हक्कसोडपत्रावर सही करणे हीच अजून रीत आहे. आईच्या दवाखान्यात रात्री बसायला मात्र तीच मुलगी येते. पिढ्यांमधल्या न्यायाची चर्चा मुलीला वगळून करणे खोटेपणाचे ठरेल.

जमीन विकली गेली तर हिशेब आणखी बिघडतो. मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग मेहकर आणि सिंदखेडराजा तालुक्यांतून जातो. त्यासाठी सरकारने थेट खरेदीने पाचपट मोबदला जाहीर केला आणि अनेक घरांत एकदम लाखो रुपये आले. ज्यांनी त्यातून दुसरीकडे जमीन घेतली किंवा मुलांना धंदा उभा करून दिला ते सावरले. पण मोबदला एकदाच मिळतो आणि तो त्या वेळच्या खातेदाराला मिळतो. त्या वेळी दहा वर्षांचा असलेला मुलगा मोठा होतो तेव्हा ना वावर उरलेले असते, ना पैसा. नांदुरा तालुक्यातल्या जिगाव प्रकल्पाचे उलट आहे. पूर्णा नदीवरच्या या प्रकल्पाला १९९० च्या दशकात मंजुरी मिळाली, बुडीत गावांतल्या माणसांनी घरे-शेते सोडण्याची तयारी केली, त्यांची मुले मोठी झाली, आणि काम अजून चालूच आहे. एका पिढीने त्याग केला आणि त्याचे पाणी दुसऱ्या पिढीलाही मिळाले नाही.

आता सरकारातली वाट. पेन्शनचा देशव्यापी प्रश्न बुलढाण्याइतका ठळक दुसरीकडे क्वचितच दिसेल, कारण ईपीएस-९५ पेन्शनधारकांच्या राष्ट्रीय संघर्ष समितीचे मुख्यालयच या शहरात आहे. कमांडर अशोक राऊत हे समितीचे अध्यक्ष. २४ डिसेंबर २०१८ रोजी बुलढाण्यात साखळी उपोषण सुरू झाले आणि ते वर्षानुवर्षे चालले. आळीपाळीने रोज काही निवृत्त माणसे बसायची. एसटीचे चालक-वाहक, जिनिंगमधले कामगार, सहकारी संस्थांतले कारकून. समितीने या माणसांचे गाऱ्हाणे दिल्लीत पंतप्रधानांपर्यंत नेले. मागणी आहे महिन्याला किमान ७,५०० रुपये, त्यावर महागाई भत्ता आणि पती-पत्नी दोघांना मोफत वैद्यकीय उपचार.

ही योजना समजून घ्यायला हवी, कारण खासगी, सहकारी आणि महामंडळांतल्या बहुतेक कामगारांचे म्हातारपण तिच्यावर अवलंबून आहे. कर्मचारी पेन्शन योजना १६ नोव्हेंबर १९९५ रोजी लागू झाली, म्हणून तिला ईपीएस-९५ म्हणतात. कामगाराच्या पगारातून कापले जाणारे १२ टक्के पूर्णपणे त्याच्या भविष्य निर्वाह निधीत जातात. मालकाच्या १२ टक्क्यांतले ८.३३ टक्के पेन्शन निधीत जातात आणि केंद्र सरकार त्यात १.१६ टक्के घालते. मात्र हे टक्के पूर्ण पगारावर मोजायचे नसून एका मर्यादेपर्यंतच्या पगारावर मोजायचे असतात. ही मर्यादा सुरुवातीला ५,००० रुपये होती, २००१ मध्ये ६,५०० झाली, आणि १ सप्टेंबर २०१४ पासून १५,००० आहे. पेन्शन काढायची रीत सोपी आहे. मर्यादेतला पगार गुणिले नोकरीची वर्षे, भागिले सत्तर. पेन्शन मिळायला किमान दहा वर्षांची नोकरी लागते आणि वय ५८.

या सूत्रातून काय निघते ते एका उदाहरणाने दिसेल. चिखली किंवा मेहकर आगारातून २०११ मध्ये निवृत्त झालेला एखादा वाहक घ्या. नोकरी तीस वर्षांची, पण योजनेतली वर्षे १९९५ पासून सोळाच. ६,५०० गुणिले १६ भागिले ७० म्हणजे १,४८५ रुपये. १९९५ पूर्वीच्या नोकरीसाठी त्यात एक छोटी ठरावीक रक्कम मिळते. महागाई भत्ता नाही. रक्तदाबाची आणि साखरेची गोळी, विजेचे बिल, गॅसची टाकी, एवढ्यातच ते संपतात. २०१४ मध्ये किमान पेन्शन १,००० रुपये ठरवण्यात आली. त्याआधी कित्येकांना त्याहूनही कमी मिळत होती. भगतसिंह कोश्यारी यांच्या अध्यक्षतेखालील राज्यसभेच्या समितीने २०१३ मध्येच ३,००० रुपयांची शिफारस केली होती. ती मान्य झाली नाही, आणि २०२५ मध्येही किमान आकडा एक हजारच होता. महागाई वर्षाला पाच टक्के धरली तर दहा वर्षांत हजार रुपयांची खरेदीशक्ती सुमारे सहाशेवर येते. आकडा न बदलता ठेवणे म्हणजे दरवर्षी थोडी पेन्शन कापणेच आहे.

पिढ्यांमधला पेच इथे खराखुरा समोर येतो. पेन्शन निधी सगळ्यांचा मिळून एकच आहे, तो माणसागणिक वेगळा ठेवलेला नसतो. आज कामावर असलेल्यांच्या नावे जमा होणारा पैसाही त्याच निधीत जातो. सरकारचे म्हणणे असे की मूल्यांकनात निधीत तूट दिसते, आणि ८.३३ टक्क्यांच्या जमेवर सरसकट मोठी पेन्शन देता येणार नाही. हे म्हणणे उडवून लावण्यासारखे नाही. जमा न वाढवता केवळ वाटप वाढवले तर त्याची किंमत आज पंचवीस वर्षांचा असलेला कामगार मोजेल. पण त्यातून निघणारा निष्कर्ष, की म्हाताऱ्यांनी हजारावर समाधान मानावे, तो मात्र चुकीचा आहे. कारण त्या पंचवीस वर्षांच्या मुलाचेही भविष्य याच सूत्रात बांधलेले आहे. चाकणच्या किंवा वाळूजच्या कारखान्यात लागलेल्या बुलढाण्याच्या मुलाच्या नावे महिन्याला जास्तीत जास्त साडेबाराशे रुपये पेन्शन निधीत जातात. पगाराची मर्यादा १५,००० वरच राहिली आणि त्याची सेवा ३५ वर्षे भरली तर त्याला ७,५०० रुपये पेन्शन बसेल. पाच टक्के महागाईने पस्तीस वर्षांनंतरचे ७,५०० म्हणजे आजचे साधारण १,३६०. म्हणजे उपोषणाला बसलेल्या आजोबाची आजची अवस्था हीच नातवाची उद्याची अवस्था आहे. एकाला वाढवून दिले तर दुसऱ्याचे जाईल, ही मांडणी इथे खोटी पडते. पगाराची मर्यादा महागाईबरोबर वाढवत नेणे, त्या प्रमाणात मालकाची आणि सरकारची जमा वाढवणे, आणि जुन्या पेन्शनधारकांची तूट तिजोरीतून भरणे, यात दोघांचेही हित आहे.

सरकारी नोकरीत रेषा पगारावर ओढलेली नाही, ती तारखेवर ओढलेली आहे. महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ पासून रुजू झालेल्यांना जुनी पेन्शन नाही. एकाच जिल्हा परिषद शाळेत दोन शिक्षक, एक ऑक्टोबर २००५ मध्ये लागलेला, दुसरा डिसेंबरमध्ये. वर्ग तोच, पुस्तके तीच, पगाराची श्रेणीही तीच. पहिल्याला निवृत्तीनंतर शेवटच्या पगाराच्या निम्मे, वर महागाई भत्ता, पुढे पत्नीला कुटुंब निवृत्तिवेतन. दुसऱ्याच्या पगारातून दरमहा दहा टक्के कापले जातात, सरकार आपला हिस्सा घालते, ते पैसे बाजारात गुंतवले जातात, आणि शेवटी जे होईल ते त्याचे. मार्च २०२३ मध्ये १४ ते २० तारखेपर्यंत राज्यभर संप झाला तो याच प्रश्नावर. 'एकच मिशन, जुनी पेन्शन' ही घोषणा तेव्हा बुलढाण्यातही दुमदुमली. त्यानंतर केंद्राने ऑगस्ट २०२४ मध्ये एकीकृत पेन्शन योजना जाहीर केली आणि राज्याने ती स्वीकारली. तिच्यात पंचवीस वर्षांच्या सेवेनंतर शेवटच्या वर्षभराच्या सरासरी मूळ पगाराच्या निम्मी पेन्शन आहे, आणि दहा वर्षांच्या सेवेनंतर किमान १०,००० रुपयांची हमी.

ही हमी ईपीएसशेजारी ठेवून पाहावी. दहा वर्षे नोकरी दोघांचीही. सरकारी कर्मचाऱ्याला किमान दहा हजार, एसटीच्या किंवा जिनिंगच्या कामगाराला किमान एक हजार. एसटी कर्मचाऱ्यांनी २०२१ च्या अखेरीपासून एप्रिल २०२२ पर्यंत महामंडळाच्या राज्य सरकारातील विलीनीकरणासाठी जो प्रदीर्घ संप केला, त्यामागे हा फरकही होता. म्हणूनच पिढ्यांचा न्याय म्हातारे विरुद्ध तरुण असा मोजता येत नाही. मोठी दरी आहे ती सरकारी हजेरीपटावर नाव असलेल्या आणि नसलेल्या माणसांमध्ये, आणि ती दोन्ही पिढ्यांत सारखीच पसरलेली आहे.

सैन्यातही तेच वळण आले आहे. बुलढाण्याच्या खेड्यांतून सैन्यात जाण्याची परंपरा आहे, आणि फौजी माणसाची पेन्शन हा त्याच्या घराचा कणा असतो. जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना आली. चार वर्षे सेवा, नंतर चौघांतला एकच कायम, बाकीच्यांना सुमारे ११ लाख ७१ हजारांचा सेवानिधी आणि पेन्शन नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये सियाचीनमध्ये कर्तव्य बजावताना मृत्यू आलेला अग्निवीर याच जिल्ह्यातला, शेतकरी घरातला होता. अशा कुटुंबाला एकरकमी मोठी मदत मिळते, पण नियमित सैनिकाच्या आईवडिलांना किंवा पत्नीला आयुष्यभर मिळणारे कुटुंब निवृत्तिवेतन मिळत नाही. तरुण मुलाचा जीव गेलेल्या घरासाठी हा फरक फार मोठा आहे.

सगळ्यात खाली शेतमजूर आणि अल्पभूधारक म्हातारे. त्यांना ना फंड, ना पेन्शन. त्यांच्यासाठी संजय गांधी निराधार अनुदान आणि श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन या योजना आहेत. ६५ वर्षांवरील वृद्धांच्या श्रावणबाळ योजनेची रक्कम २०१९ मध्ये सहाशेवरून हजार आणि २०२३ मध्ये दीड हजार झाली. वाढ स्वागतार्ह आहे, पण पात्रतेची अट पाहिली की मन विषण्ण होते. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत हवे, म्हणजे महिन्याला १,७५० रुपये. एवढ्यात एक माणूसही जगत नाही, कुटुंब तर दूरच. त्यामुळे दाखला मिळवायला गरिबाला खोटे बोलावे लागते, आणि जो बोलत नाही तो वंचित राहतो. जुलै २०२४ पासून सुरू झालेल्या लाडकी बहीण योजनेत २१ ते ६५ वयाच्या महिलांना तेवढेच दीड हजार मिळतात, पण तिथे उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख आहे. सुनेला अडीच लाखांची मर्यादा आणि सासूला एकवीस हजारांची, असा भेद एकाच छपराखाली एकाच सरकारने करणे समर्थनीय नाही. इंदिरा गांधी वृद्धापकाळ योजनेत ६० ते ७९ वयाच्या वृद्धासाठी केंद्राचा वाटा २००७ पासून दोनशे रुपयेच आहे.

मंजूर झालेले पैसे हातात पडणे ही वेगळी परीक्षा. दरवर्षी हयातीचा दाखला द्यायचा, आधार बँक खात्याला जोडलेले हवे, आणि पैसे काढताना अंगठा यंत्रावर उमटला पाहिजे. जन्मभर कापूस वेचून, निंदण-खुरपण करून ज्या बाईच्या बोटांच्या रेषाच झिजल्या तिचा अंगठा यंत्र घेत नाही. मग एक बोट, दुसरे बोट, हात धुऊन, पदराला पुसून पुन्हा. शेवटी नातवाला सोबत घेऊन तालुक्याच्या बँकेत जायचे, त्यात त्याची मजुरी बुडते आणि गाडीभाडे पडते.

तरुणांच्या बाजूनेही घरातला पैशाचा प्रवाह बारकाईने पाहायला हवा. आजोबांना सरकारी पेन्शन असेल तर तिच्यावर नातू पुण्यात राहून एमपीएससीची किंवा पोलीस भरतीची तयारी करतो. खोलीभाडे, मेस, क्लासची फी, सगळे त्या पेन्शनीतून. म्हणजे ज्या पैशाला तरुणांवरचा बोजा म्हटले जाते, तोच पैसा फिरून तरुणांकडे येतो. पण हे पेन्शन असलेल्या घरात. शेजारच्या शेतमजुराच्या नातवाला तयारीची दोन वर्षे परवडत नाहीत. तो बारावीनंतर कंत्राटदारामार्फत कारखान्यात लागतो. पिढीतली विषमता अशी वारसाने पुढे सरकते.

बचतीतही दोन पिढ्या एकमेकींना बांधलेल्या आहेत. १९८६ मध्ये राधेश्याम चांडक यांनी स्थापन केलेली बुलढाणा अर्बन ही देशातल्या सर्वांत मोठ्या सहकारी पतसंस्थांपैकी एक. पतसंस्थेचा व्यवहार असाच असतो. निवृत्त माणूस ठेव ठेवतो, तरुण शेतकरी किंवा दुकानदार सोने किंवा माल तारण ठेवून कर्ज घेतो, आणि त्याच्या व्याजातून ठेवीदाराचे महिन्याचे भागते. ठेवीदारांनी एक गोष्ट मात्र कायम लक्षात ठेवावी. बँकेतल्या ठेवींना पाच लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण असते, पतसंस्थांतल्या ठेवींना ते नसते. शेजारच्या मराठवाड्यात गेल्या काही वर्षांत काही मल्टिस्टेट संस्था बुडाल्या तेव्हा सर्वांत जास्त पोळली ती म्हातारी माणसे. जन्माची पुंजी एकाच ठिकाणी ठेवू नये.

राज्याच्या कर्जाचाही उल्लेख करायला हवा. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात महाराष्ट्राच्या डोक्यावरचे कर्ज सुमारे ९ लाख ३२ हजार कोटी रुपयांचे अंदाजले आहे. ते आजची लहान मुले फेडतील. त्यातून रस्ते, धरणे, शाळा उभ्या राहिल्या तर त्यांच्या हातीही काही पडेल. निवडणुकीच्या तोंडावर खर्चून संपले तर त्यांच्या वाट्याला फक्त हप्ते येतील. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रात प्रत्येक स्त्रीमागे जन्मणाऱ्या मुलांचे प्रमाण १.७ आहे, म्हणजे हे हप्ते भरणारे हात कमी होणार आहेत. म्हणून पेन्शनची, अनुदानाची आणि पात्रतेची रक्कम दरवर्षी महागाईनुसार आपोआप थोडी थोडी वाढत जाणे हाच शहाणपणाचा मार्ग. आकडे दहा-पंधरा वर्षे गोठवून ठेवायचे आणि मग आंदोलन झाले की एकदम वाढवायचे, यात म्हाताऱ्यांची हयात जाते आणि तरुणांवर एकदम भार येतो.

कायदे बदलेपर्यंत तरुणांनी स्वतःपुरते एक काम जरूर करावे. कंत्राट बदलले किंवा कंपनी सोडली की अनेक मुले पीएफ काढून घेतात आणि त्यासोबत पेन्शनची जमाही उचलतात. हजारो रुपये हातात येतात, पण तोवरची सेवा पुसली जाते आणि मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते. दहा वर्षे भरली नाहीत तर पेन्शन मुळीच मिळत नाही. नोकरी बदलताना जुने खाते नव्या खात्यात वर्ग करावे. मध्ये खंड पडणार असेल तर पेन्शनची रक्कम न काढता भविष्य निर्वाह निधी कार्यालयाकडून योजना प्रमाणपत्र घेऊन ठेवावे, म्हणजे आधीची वर्षे पुढच्या नोकरीत धरली जातात.